कालच्या उन्हाची शिल्लक

दरवर्षी २६ मेच्या आसपास, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला नागपुरात सावली पायाखाली गडप होते. सरळ उभ्या केलेल्या बाटलीला सावली पडत नाही, शाळांची पोरं गच्चीवर जाऊन फोटो काढतात, पेपरात ‘शून्य सावली दिवस’ म्हणून चौकट येते. याच्या आदल्याच दिवशी, २५ मेला, सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरलेला असतो आणि विदर्भात नवतपा लागलेला असतो. नऊ दिवस रस्ते ओस पडतात. सूर्य डोक्यावर आला म्हणून तापलं, असं म्हणून लोक मोकळे होतात. हिशेब जुळतो, त्यामुळे पुढे कोणी विचारत नाही.

पण सावली नागपुरात वर्षातून दोनदा गडप होते. दुसऱ्यांदा १७ जुलैच्या आसपास. सूर्य तोच, उंचीही तीच, दिवसही जवळपास तेवढाच मोठा. तरी मेअखेरीस नागपूरचं सरासरी कमाल तापमान ४३ अंशांच्या घरात, तर जुलैच्या मध्याला ३१-३२. हा अकरा-बारा अंशांचा फरक कुठून आला? थोडा वाटा ढगांचा आहे. जुलैत ते साधारण एक तृतीयांश ऊन वरच्यावर अडवतात. उरलेल्याचं उत्तर सूर्यात नाही. ते जमिनीत आहे, डोक्यावरच्या चार किलोमीटर हवेत आहे, आणि कालच्या दिवसात आहे.

आधी जमीन. मे महिन्यात विदर्भात एका चौरस मीटरवर दिवसभरात सुमारे २३-२४ मेगाज्यूल ऊर्जा उतरते. जमिनीने परत फेकलेली आणि अदृश्य किरणांनी वर निसटलेली वजा केली तर हातात बारा-तेरा मेगाज्यूल राहतात. खरा प्रश्न हे बारा मेगाज्यूल जातात कुठे हा. एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळपास अडीच मेगाज्यूल लागतात. एका चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाणी. तेव्हा जमिनीतून आणि पानांतून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडालं, की बाराच्या बारा मेगाज्यूल वाफेच्या खात्यात जमा. हवा तापवायला काही उरतच नाही. जुलैत होतं ते हे. नागपूर जुलैत थंड राहतं ते ऊन घामाच्या कामी लागतं म्हणून. घाम गाळते ती जमीन.

मे महिन्यात या जमिनीकडे घाम नसतो. कापूस आणि तूर निघाली, हरभरा निघाला, गहू निघाला, शेत नांगरून उलटं पडलंय. काळी कसदार जमीन सुकताना आकसते आणि तिला भेगा पडतात; मनगट सहज आत जावं एवढ्या रुंद. रंगाने काळी म्हणून ऊन पिते, आणि वरचा कोरडा भुसभुशीत थर उष्णता खाली पोचू देत नाही, जणू गोधडीच. चार बोटं खाली हात घातला तर माती वरच्यापेक्षा कितीतरी गार लागते, पण पृष्ठभाग दुपारी साठीच्या पुढे जातो. अनवाणी पाय टेकवत नाही तो यामुळे. खाली जाता येत नाही, वाफेवाटे निघता येत नाही, म्हणून ती सगळी उष्णता वर, हवेत जाते.

किती तापेल हवा? हा हिशेब ढोबळ आहे, पण करून पाहण्यासारखा आहे. एक चौरस मीटर पायाचा आणि एक किलोमीटर उंचीचा हवेचा खांब धरला तर त्याचं वजन सुमारे एक टन भरतं आणि तो एक अंशाने तापवायला साधारण एक मेगाज्यूल लागतो. मे महिन्यात मध्य भारतात दुपारी हवा तळापासून वरपर्यंत ढवळली जाते ती तीन ते पाच किलोमीटर उंचीपर्यंत. घारी उंच जाऊन पंख न हलवता फिरतात त्या याच भट्टीच्या चढत्या हवेवर. चार किलोमीटरचा थर धरला तर दहा-अकरा मेगाज्यूलमध्ये तो जेमतेम अडीच-तीन अंश तापेल. मग सकाळी २९ वर असलेला पारा दुपारी ४५ वर कसा पोचतो?

गोम इथे आहे. रात्री जमीन पटकन निवते आणि तिला चिकटून असलेली हवा थंड होते, पण हा थंड थर असतो फक्त काही शे मीटरचा. त्याच्या वर कालच्या दुपारची गरम हवा रात्रभर जशीच्या तशी बसून असते. तळमजला थंड, पहिल्या मजल्यापासून वर कालचीच भट्टी. सकाळी सूर्याला तीन-चार किलोमीटर हवा नव्याने तापवायची नसते. फक्त तळमजल्याचा गारवा पुसायचा असतो. त्याला तीनेक मेगाज्यूल पुरतात. दहा-साडेदहाला ते काम संपतं, खालची हवा वरच्या शिलकीला जाऊन मिळते, आणि दिवसाची उरलेली कमाई कालच्या आकड्यावर चढते. रात्री त्या वरच्या थरातून थोडी उष्णता अवकाशात निसटते, थोडी वाऱ्याने जाते. जमा आणि खर्च यांचा मेळ रोज अर्धा-एक अंशाने जमेकडे झुकला, की आठवड्याभरात ४१ चे ४५ होतात. उष्णतेची लाट म्हणजे एका दिवसाचं कडक ऊन नव्हे, ही आठवड्याभराची साठवण आहे. म्हणून तिसऱ्या दिवसापेक्षा सहाव्या दिवसाची मला जास्त भीती वाटते, आकाश दोन्ही दिवशी सारखंच दिसत असलं तरी.

आता ही साठवण होऊ कोण देतं? एरवी वारा येतो, ढग येतात, पाऊस पडतो, हिशेब पुसला जातो. न पुसला जाण्यासाठी वर झाकण लागतं.

दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरकस वारा, ज्याला जेट म्हणतात, तो सरळ वाहत नाही. नदीसारखा वळणं घेत जातो. एप्रिल-मेमध्ये त्याचं उत्तरेकडे फुगलेलं वळण पाकिस्तान-राजस्थानच्या डोक्यावर येऊन थबकलं, की त्याखाली हवा दाबली जाऊन खाली उतरू लागते. वेग किती, तर सेकंदाला एखादा सेंटिमीटर. मुंगीच्या चालीहून जास्त नाही. पण मुंगी थांबत नाही. दिवसाकाठी तिचे आठशे-साडेआठशे मीटर होतात. खाली येणाऱ्या हवेवर वरच्या हवेचा भार वाढतो, ती आवळली जाते आणि आवळल्याने तापते, दर किलोमीटरला जवळपास दहा अंशांनी. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून हवा भरली की पंपाची नळी गरम लागते, तसंच. या उतरत्या हवेत ढग धरत नाही, धरला तर विरतो. आकाश निरभ्र, ऊन पूर्ण, जमिनीवरचा वारा मंद.

किलोमीटरला दहा अंश हा नियम नुसता पुस्तकात राहिलेला नाही, तो विदर्भात पायी तपासता येतो. अकोला समुद्रसपाटीपासून २८० मीटरवर, चिखलदरा ११०० मीटरवर. मेच्या दुपारी अकोल्यात ४४ असेल तर चिखलदऱ्यात ३६ च्या आसपास असणार. नागपूर ३१० मीटरवर, चंद्रपूर १९० वर; म्हणजे बाकी सगळं सारखं धरलं तरी निव्वळ खोलगटपणापायी चंद्रपूरला एक अंश फुकट मिळतो. चंद्रपूर इतकं का तापतं याचं उत्तर लोक थेट वीज केंद्रावर आणि कोळसा खाणींवर ढकलतात. त्यांचा वाटा असेलही, पण आधी उंची वजा करावी, मग भांडावं.

या नियमाचा सगळ्यात चकवणारा खेळ कोकणात होतो. मुंबईत २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंशांची नोंद झाली होती. मार्चमध्ये, समुद्राच्या काठी! ऊन मेपेक्षा कमी, शेजारी अख्खा अरबी समुद्र. अशा दिवशी होतं असं, की घाटमाथ्यावरून पूर्वेचे वारे सुटतात. पुण्याच्या उंचीवर, म्हणजे साधारण ५६० मीटरवर, ३६ अंशांची सुखाची हवा असते. ती सह्याद्री उतरून मुंबईत येईपर्यंत आवळून साडेपाच अंश तापते आणि ४१ होऊन दारात उभी राहते. एरवी अकरा-बाराला समुद्राकडून खारा वारा आत येऊन पाऱ्याला लगाम घालतो. पूर्वेचा वारा जोरात असेल तर हा खारा वारा किनाऱ्याबाहेरच अडतो आणि दुपारी दोन-तीनपर्यंत शहरात शिरत नाही. दोन-तीन तासांच्या उशिराने पाच-सहा अंशांचा फरक पडतो. २०१५ च्या मेमध्ये आंध्र आणि तेलंगणात दोन हजारांहून अधिक माणसं गेली तेव्हा आंध्रच्या किनाऱ्यावर आरशातल्यासारखा असाच प्रकार होता: वायव्येचे तापलेले जमिनीचे वारे, आणि बंगालच्या उपसागरावरून आत येऊ न शकलेला खारा वारा.

वायव्य ही दिशा विदर्भाच्याही पाचवीला पुजली आहे. जैसलमेर ते नागपूर हजारेक किलोमीटर. दीड किलोमीटर उंचीवर ताशी २०-३० किलोमीटरने वाहणारा वारा हे अंतर दीड-दोन दिवसांत कापतो, आणि थरच्या वाळवंटात कमावलेली गरमी सोबत आणतो. वाटेत राजस्थान, माळवा, सगळीकडे जमीन कोरडी, म्हणजे वाटेत कोणी ती खर्चूही देत नाही. विदर्भाची शिल्लक त्यामुळे निव्वळ स्वतःची नसते, तीत वडिलोपार्जितही भर पडते.

अलीकडे मराठी बातम्यांत ‘हीट डोम’ हा शब्द सरसकट येतो. तो शब्द गाजला कॅनडातल्या लिटन गावामुळे. २९ जून २०२१ ला तिथे ४९.६ अंश नोंदले गेले. कॅनडाचा त्या लाटेआधीचा उच्चांक ४५ होता आणि तो १९३७ पासून टिकून होता. दुसऱ्या दिवशी ते गाव वणव्यात जळालं. तिथे घुमटासारखा जास्त दाबाचा प्रदेश आणि त्याखालची उतरती हवा हे मुख्य पात्र होतं. विदर्भात उतरती हवा असतेच, पण मला विचाराल तर इथे मुख्य काम कोरडी जमीन आणि वायव्येची आयात करतात. झाकण फक्त कोणाला घुसू देत नाही. दोन्हीला एकच नाव दिलं की कारणं धूसर होतात.

मार्च २०२२ मध्ये हे जमेचं गणित देशभर दिसलं. १९०१ पासूनच्या नोंदींत भारताच्या कमाल तापमानाची सरासरी तेवढी चढलेला मार्च दुसरा नव्हता. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात त्या महिन्यात फिरकलेच नाहीत म्हणावं एवढे दुबळे होते आणि पाऊस सरासरीहून ७१ टक्क्यांनी कमी पडला. पाऊस नाही म्हणून ओल नाही, ओल नाही म्हणून सगळी ऊर्जा हवेत. एप्रिलने मग मार्चची शिल्लक उचलली. पंजाब-हरियाणात गव्हाचा दाणा भरायच्या आत सुकला आणि १३ मेला सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. पायाच वर सरकलेला आहे हेही इथे धरायला हवं: १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण सरासरी थोडी सरकली की टोकाचे दिवस कितीतरी पटींनी वाढतात. २०२२ च्या त्या लाटेची शक्यता माणसाने वाढवलेल्या तापमानामुळे सुमारे तीसपट झाली, असं तेव्हाच्या अभ्यासाने काढलं होतं.

उद्याचा पारा किती, याचा अंदाज घरी बसून बांधायची एक जुनी युक्ती आहे. नागपूरच्या वेधशाळेतून रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला फुगा सोडतात. तो वर जाताना तापमान, आर्द्रता, दाब पाठवत राहतो. त्यातला ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचा आकडा बघायचा. ती पातळी सुमारे दीड किलोमीटरवर असते, म्हणजे नागपूरच्या जमिनीपासून साधारण ११५० मीटर वर. त्या आकड्यात साडेअकरा मिळवायचे, आणि तापलेल्या जमिनीलगतचा म्हणून आणखी एखादा अंश. वर ३२ असतील तर खाली ४४ ते ४५. आकाश निरभ्र आणि जमीन कोरडी असेल तर ही युक्ती चांगली चालते. ढग आले, आदल्या दिवशी पाऊस झाला किंवा धुळीने आकाश पांढुरकं झालं की फसते, कारण मग हवा दीड किलोमीटरपर्यंत नीट ढवळलीच जात नाही.

आकडा बघताना तो कुठे मोजलाय हेही बघावं. वेधशाळेचं तापमान म्हणजे सावलीतल्या हवेचं: पांढरी लाकडी झडपांची पेटी, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच, दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन आत पडत नाही, खाली डांबर नाही. मोटारीच्या काचेवरचा ५१ हा त्या मोटारीचा आणि खालच्या रस्त्याचा आकडा. खुद्द स्वयंचलित यंत्रंही घसरतात. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका यंत्राने ५६ दाखवले आणि देशभर हलकल्लोळ झाला. संवेदक बिघडलेला होता. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरच्या ५२.९ ने हीच गंमत केली होती, तो नंतर तीन अंशांनी जास्त निघाला. शेजारची इतर यंत्रं कितीतरी कमी दाखवत असताना एखादं ५६ म्हणतं, तेव्हा बातमी थांबवायला हवी होती. भारतातला मान्य उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा आहे, १९ मे २०१६ चा, ५१ अंश.

लाट कधी म्हणायची याचेही नियम आहेत. मैदानात पारा किमान ४० ला आणि किनाऱ्यावर ३७ ला पोचलेला हवा. आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तर लाट, ६.४ च्या वर गेला तर तीव्र लाट. किंवा सरळ ४५ झाले तरी लाट, ४७ ला तीव्र. एका हवामान उपविभागातल्या (विदर्भ हा असाच एक) किमान दोन ठिकाणी, सलग दोन दिवस, आणि घोषणा दुसऱ्या दिवशी. नियम म्हणून ठीक आहे, पण यातून निघतं काय? मेअखेरीस नागपुरात ४४ झाले तर लाट नाही, कारण सरासरीच ४३. छपरावर पत्रे ठोकणाऱ्याला हे कोण सांगणार?

आणि या नियमात घाम कुठेच नाही. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर लाखोंची गर्दी तासन्‌तास उन्हात बसली होती. त्या दिवशी तिथलं कमाल तापमान ३८ च्या आसपास, आणि १४ जण दगावले. विदर्भातला माणूस ३८ ला पंखाही लावत नाही. फरक ओल्या कापडात आहे. तापमापकाच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून त्यावर वारा घातला की पाणी उडतं आणि पारा उतरतो; उतरून जिथे थांबतो तिथवरच घाम आपल्याला थंड करू शकतो. नागपूरला ४४ अंश आणि १२ टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा २२ येतो. किनाऱ्यावर ३८ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला तो २९ होतो. ३५ ला तर निरोगी माणूस सावलीत, पंख्याखाली बसूनही तग धरू शकत नाही असं गणित सांगतं; दमट हवेतल्या प्रयोगांत धडधाकट तरुणांची शरीरंही ३१ च्या आसपासच हात टेकताना दिसली आहेत.

विदर्भाचा कूलर या २२ वर जगतो. तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या, वरून टपटपणारं पाणी, मागून खेचणारा पंखा. ताटी नीट भिजलेली असेल तर ४४ आणि २२ यांच्यातलं ऐंशी टक्के अंतर तो कापतो, म्हणजे जाळीतून २६-२७ अंशांची हवा येते. खिडकीबाहेर कूलर आणि समोरचं दार थोडं उघडं, हे दोन्ही हवंच. बंद खोलीत तीच ओली हवा फिरत राहते आणि तासाभरात ताटी असून नसल्यासारखी होते. ताटीवर क्षारांचा पांढरा थर चढला की पाणी एका रेघेतून वाहतं आणि बाकीची ताटी कोरडी राहते; गार हवा येत नाही म्हणून मोटार बदलणाऱ्यांनी आधी ताटी बदलावी.

मग एखाद्या संध्याकाळी पूर्वेकडून बंगालच्या उपसागराची ओल आत शिरते, वर झंझावाताचा वारा असतो, झाकण फुटतं आणि वळीव कोसळतो. ढगातून कोसळणारी थंड हवा आधी येते, धुळीच्या भिंतीसारखी, आणि पंधरा मिनिटांत पारा दहा-बारा अंश उतरतो. दहा मिलिमीटर पाऊस जमिनीवर राहिला तर तो उडवायला साडेचोवीस मेगाज्यूल लागतात, म्हणजे उन्हाची दोन दिवसांची निव्वळ कमाई. काळ्या भेगांतून तो बराचसा खाली उतरतो, म्हणून तेवढा दिलासा मिळत नाही, पण शिल्लक मोडते. दुसऱ्या दिवशी कमाल ३७-३८.

आणि त्याच दुपारी घराघरांतून आवाज येतो, ‘कूलर बंद करा, नुसता चिकचिकाट होतोय.’ हवेत आता पन्नास टक्के ओल असते, ताटीवरचं पाणी उडायला तयार नसतं, जाळीतून ३१ अंशांची दमट फुंकर येते. पाच दिवसांपूर्वी ४५ ला शाल घेऊन झोपलेली माणसं ३८ ला घामाघूम होऊन ओट्यावर येऊन बसतात आणि मृग कधी लागतो ते कालनिर्णयात बघतात.